फोटो मी काढला, ड्युटी मावशीची गेली

पोस्ट लांब आहे. दोन मिनिटांत वाचून होणार नाही. पण वाशिम जिल्ह्यात ज्याला कधी ना कधी सरकारी दवाखान्यात, तहसीलमध्ये, पंचायत समितीत जावं लागतं, त्या प्रत्येकाच्या कामाची आहे. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी कबूल करतो.

मागच्या पावसाळ्यात आईला ताप आला. जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात (नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका दवाखान्याची नाही) आठ दिवस ॲडमिट होती. उपचार चांगले झाले, डॉक्टर अन सिस्टरबद्दल तक्रार नाही. पण महिला वॉर्डाचा संडास! तुंबलेला, पाणी नाही, दाराची कडी तुटलेली. आई जायला नको म्हणून पाणी प्यायची नाही. तापाच्या माणसानं पाणी पिऊ नये म्हणजे काय ते समजून घ्या.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मोबाईल काढला, चार फोटो घेतले, सहा ओळी लिहिल्या. "जनतेच्या करातून पगार घेणाऱ्यांना लाज वाटत नाही का?" अशी शेवटची ओळ होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पोस्ट शेअर केली. दोन दिवसांत सगळ्या ग्रुपवर फिरली. तिसऱ्या दिवशी संडास चकाचक, फिनाईलचा वास, नवी कडी. मी लगेच दुसरी पोस्ट टाकली, "दणका! आपल्या पोस्टची दखल." तुम्ही अभिनंदन केलं. मीही मनातून फुगलो, खोटं कशाला बोलू.

महिनाभरानं आठवडी बाजारात एक बाई दिसली. गोणपाट अंथरून मेथी अन सांबार घेऊन बसलेली. ओळखीची वाटली. तिनंच हाक मारली, "भाऊ, आई बऱ्या हायेत का आता?"

वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशी! आईशी त्यांची चांगली गट्टी जमली होती. मी विचारलं, "मावशी, आज सुट्टी?"

"सुट्टी कायची भाऊ. तुमी फोटू टाकला न, त्याच्या तिसऱ्या दिवशीच मले सांगतलं, उद्यापासून येऊ नको."

मला काय बोलावं सुचेना. त्याच पुढं म्हणाल्या, "घान होती हे त खरं हाय. तुमी काही खोटं नाही लिवलं. पन आमी तिघी, अन संडास चौदा. पानी दुपारी जाते. ॲसिडची एक बाटली हप्ताभर पुरवा म्हनत."

रागावल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "फोटू काढाच्या आंधी तिले इचारलं होतं काय तू?"

नव्हतं विचारलं. "करातून पगार घेणारे" असं मी लिहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सरकारी नोकर होते. मावशी सरकारी नोकर नव्हत्याच. एका एजन्सीच्या माणूस होत्या. एजन्सीला दवाखान्यानं ठेका दिलेला, अन एजन्सीच्या सुपरवायझरनं मावशींना तोंडी "ये" म्हटलेलं. तसंच तोंडी "येऊ नको" म्हटलं. नोटीस नाही, कागद नाही. संडास घाण का होता, याचं उत्तर शोधायची गरज कुणालाच पडली नाही, कारण एक बाई काढून टाकली की उत्तर दिल्यासारखं होतं. मला "दणका" मिळाला, साहेबांना शांतता मिळाली, अन एजन्सीचा ठेका तसाच चालू राहिला.

मित्रांनो, त्यानंतर चार-पाच महिने मी हा ठेका प्रकार समजून घेतला. जे कळलं ते सांगतो.

आधी हिशोब. सफाईच्या टेंडरमध्ये सगळ्यात मोठा खर्च माणसाचा. किमान वेतन कायद्यानं ठरलेलं, त्यात महागाईप्रमाणे विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. उदाहरणासाठी महिन्याला १३,००० रुपये धरू. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ अन त्याचे चार्जेस मिळून १३ टक्के, म्हणजे १,६९०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ४२२. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३. एका माणसामागे झाले जवळपास १६,२०० रुपये. यात झाडू, फिनाईल, हातमोजे, सुट्टीतला बदली माणूस काहीच नाही.

आता हा आकडा कोणत्याही एजन्सीला कमी करता येत नाही. वेतन सरकारनं ठरवलेलं, पीएफ सरकारनं ठरवलेला. मग दहा एजन्सींमध्ये "सगळ्यात कमी दर" कुणाचा येणार? स्पर्धा उरते फक्त एजन्सीच्या स्वतःच्या कमिशनवर, ज्याला सर्व्हिस चार्ज म्हणतात. एक काळ असा होता की लोक शून्य टक्के भरायचे. म्हणजे मी फुकट काम करतो, ठेका मला द्या! केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २०१४ मध्ये सांगितलं, शून्य दराची निविदा धरायची नाही. मग लोक ०.०१ टक्का भरू लागले. शेवटी जेम पोर्टलवर माणसं पुरवण्याच्या ठेक्यासाठी २०२३ मध्ये किमान ३.८५ टक्के ठरवावे लागले. आता बरेच जण बरोबर ३.८५ भरतात.

१६,२०० वर ३.८५ टक्के म्हणजे साधारण ६२४ रुपये. त्यात सुपरवायझरचा पगार, ऑफिस, पोर्टलची फी, अनामत रकमेत अडकलेला पैसा अन बिल निघेपर्यंतचं व्याज. हे सगळं माणशी ६२४ रुपयांत बसवून वर नफा कसा काढायचा? ज्याला हिशोब येतो त्याला उत्तर माहीत आहे. कागदावर आठ माणसं, प्रत्यक्षात चार. कागदावर सव्वीस दिवस, पीएफ चौदा दिवसांचा. खात्यात पूर्ण पगार, अन एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात. शून्य टक्क्यात ठेका घेणारा धर्मादाय करत नसतो, अन हे टेंडर उघडणाऱ्या टेबलावरच्या सगळ्यांना कळत असतं.

दुसरा हिशोब माणसांच्या संख्येचा. दवाखान्यातला एक वॉर्ड चोवीस तास, सातही दिवस स्वच्छ ठेवायचा तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं, रजा धरली तर चार. मावशींच्या दवाखान्यात तिघी मिळून सगळी इमारत बघत होत्या, तीही फक्त दिवसा. दुपारनंतर संडास कुणीच धुवत नव्हतं. माझे फोटो संध्याकाळी सहाचे होते.

तिसरी गोष्ट, आपण जिला "सफाई" म्हणतो ती अर्धी देखभाल असते. टाकीत पाणी चढत नाही कारण मोटर जळाली. मोटर बदलायचं काम वेगळं, त्याचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे. पाईप फुटला तर प्लंबरचा ठेका वेगळा, वायरमनचा वेगळा. सफाईवाल्या बाईच्या हातात फक्त झाडू अन बादली. पाणी नसताना तिनं संडास कशानं धुवायचा? पण फोटोत मोटर दिसत नाही, संडास दिसतो.

हे माझ्यावर शेकलं म्हणून मी लिहितोय असं नाही. ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. राज्य हादरलं. त्यानंतर आपल्या शेजारच्या हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील तिथं गेले अन त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना हातात ब्रश देऊन संडास साफ करायला लावला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींना संताप आला, पुढं गुन्हा दाखल झाला. मी तेव्हा टाळ्यावाल्यांत होतो. आज वाटतं, त्या व्हिडिओत अन माझ्या पोस्टमध्ये काय फरक होता? घाण दिसली, समोर जो सापडला त्याची इज्जत काढली. सफाईच्या किती जागा मंजूर, किती भरलेल्या, ठेका कुणाला, बिल किती महिने थकलेलं, हे कॅमेऱ्यासमोर विचारायला वेळ लागतो. ब्रश हातात द्यायला लागत नाही.

काही मित्र म्हणतील, "पर्मनंट असताना तरी कोण काम करत होतं? म्हणूनच ठेका आला." यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. हजेरी लावून गायब होणारे आपण पाहिले आहेत. पण मग प्रश्न देखरेखीचा होता. ठेक्यानं देखरेख आली का? उलट गेली. आधी साहेब म्हणायचे "आमचा माणूस ऐकत नाही." आता म्हणतात "तो आमचा माणूसच नाही, एजन्सीला बोला." एजन्सीचं ऑफिस दुसऱ्या जिल्ह्यात, अन सुपरवायझरचा फोन लागत नाही.

पर्मनंट सफाई कामगाराला लाड-पागे समितीच्या शिफारशीमुळं वारसाला नोकरीचा हक्क आहे. तेच काम, तीच बादली, पण ठेक्यावरच्या मावशींना स्वतःच्याच उद्याच्या दिवसाचा हक्क नाही. अन हे काम करणारे कोणत्या वस्त्यांतून येतात, तेही आपल्याला सांगायची गरज नाही.

कायद्याचं काय? तर ऐका. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्यात साफ लिहिलं होतं की ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं, म्हणजे इथं दवाखान्यानं तो द्यायचा अन ठेकेदाराकडून वसूल करायचा. एवढंच नाही, पगार वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे असंही होतं. ९ डिसेंबर १९७६ ला केंद्रानं तर आपल्या अखत्यारीतल्या इमारतींच्या झाडलोट-सफाईत ठेका पद्धतच बंद केली होती, कारण काम बारमाही आहे. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं अशा कामगारांना सामावून घ्या म्हटलं. २००१ मध्ये सेलच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं, ती १९७६ ची अधिसूचनाही गेली.

तरी लढणारे लढले. मुंबई महापालिकेच्या २,७०० ठेका सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत वर्षानुवर्षं केस चालवली, अन एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. २० डिसेंबर २०२४ ला न्यायमूर्ती विक्रम नाथ अन आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठानं केंद्रीय जल आयोगातल्या सफाई करणाऱ्या महिलांना अन एका माळ्याला परत कामावर घेऊन नियमित करायला सांगितलं. त्यांना २०१८ मध्ये असंच एका दिवसात काढलं होतं.

पण मुंबईत २,७०० होते, संघटना होती. आपल्याकडं एका ग्रामीण रुग्णालयात तिघी-चौघी असतात. मी ऑफिसात कायद्याचं बोललो तर बाबू हसून म्हणाले, "आमच्याकडं पन्नास माणसं नाहीत, आम्हाला लागू नाही." महाराष्ट्रात त्या कायद्याची मर्यादा वीसवरून पन्नास केली गेली, हे खरं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ठेका कामगारांसाठी मर्यादा पन्नासचीच आहे, अन सफाईचं काम त्यात "मुख्य काम" धरायचं नाही असंही आहे, जोवर ते ऑफिस मुळात सफाईसाठीच नाही. पण दोन गोष्टी बाबूंनी सांगितल्या नाहीत. एक, पन्नासचा आकडा ठेकेदाराच्या बाजूनंही मोजतात, अन एकच एजन्सी कितीतरी ऑफिसांत माणसं पुरवत असते. दोन, किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाहीच. एक बाई असली तरी ते द्यावं लागतं. अन महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. "ग्रँट आली नाही" हे कारण कायद्यात कुठं नाही.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला. तीन गोष्टी मागितल्या: कार्यारंभ आदेश अन अटी-शर्ती, दरमहाच्या बिलासोबतचे हजेरीपट, अन पीएफ भरल्याचं चलन. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. मग "अभिलेख पाहून घ्या" म्हणून पत्र आलं. मी मावशींना सोबत घेऊन गेलो.

हजेरीपटावर आठ नावं होती. मावशींनी तीन ओळखली, स्वतःचं धरून. बाकी पाच जणी कोण, त्यांना माहीत नाही. मग स्वतःच्या नावापुढं बोट ठेवलं अन म्हणाल्या, "हा आंगठा कोनाचा हाय? मले सही येते. सातवी शिकेल हाय मी."

खोलीत कुणी बोललं नाही. बाबू कपाटाकडं बघत राहिले.

मावशींचा यूएएन नंबर काढला तर पीएफ पासबुकात मधले काही महिने कोरेच. जे भरलेले, तेही कमी दिवसांचे. सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडं तक्रार दिली. बऱ्याच चकरांनंतर थकलेले दोन महिन्यांचे पगार मिळाले. कामावर परत घेतलं नाही. तो ठेका संपला, नवीन टेंडर निघालं. पाच अनोळखी नावांचं काय झालं, त्याचा पाठपुरावा चालू आहे. जिंकलो असं म्हणायला फारसं काही नाही.

एक बाहेरचं उदाहरण. ब्रिटनमध्ये १९८३ पासून सरकारी दवाखान्यांची सफाई ठेक्यावर द्यायला सुरुवात झाली, खर्च वाचावा म्हणून. पंचवीस वर्षांनी, २००८ मध्ये, दवाखान्यातून पसरणाऱ्या संसर्गाची भीती वाढल्यावर स्कॉटलंडनं ठरवलं की यापुढं दवाखान्याची सफाई खासगी ठेक्यावर द्यायची नाही. झाडू मारणारा माणूस वॉर्डाचा भाग असला पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्या आईला ते न शिकता कळलं होतं. सलाईन संपली की ती मावशींना सांगायची, अन मावशी सिस्टरला बोलवायच्या.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हापासून इमारती वाढतच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं, आनंदाची गोष्ट. प्रत्येक नव्या इमारतीला फीत कापताना भाषण होतं. ती झाडणार कोण, किती जण अन किती पगारावर, हे भाषणात नसतं. आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, त्यांच्या नावानं सरकार स्वच्छतेची स्पर्धा घेतं. पण खराटा हातात असलेल्या बाईचा पगार सात तारखेला झाला का, याला त्या स्पर्धेत गुण ठेवले असते तर?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी इमारतीच्या दर्शनी भागात बोर्ड लावा: सफाईचा ठेका कुणाचा, मंजूर माणसं किती, आज हजर किती, पगार कोणत्या तारखेला झाला, तक्रार कुणाकडं. रस्त्याच्या कामाचा बोर्ड लागतो, तसाच. पीएफचं चलन अन बँकेतून पगार जमा झाल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय पुढचं बिल पास करू नका. अन कामगार काढायचा तर लेखी कारण द्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, साहेबांची एक सही लागते.

तुम्हाला मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, माझी चूक आहेच. पण पुढच्या वेळी कुठं घाण दिसली तर फोटो काढायच्या आधी तिथं बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला एवढं विचारा: "मावशी, किती जणी आहात? पाणी येतं का? पगार झाला का?" मग खुशाल फोटो काढा, पण पोस्टमध्ये ही उत्तरंही लिहा.

ही पोस्ट टाकू का, म्हणून परवा मावशींना विचारलं. मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाल्या, "लिवा न भाऊ. पन या टायमाले फोटू नका टाकू."

म्हणून या पोस्टला फोटो नाही. तुमच्या तालुक्यातल्या ऑफिसात, दवाखान्यात सफाईचा ठेका कसा चालतो ते कमेंटमध्ये लिहा. ऑफिसचं नाव लिहा, कामगाराचं लिहू नका.